पाणी नितळ, तरी मासे का दगावतात?

प्रश्न : महिन्याभरापूर्वी घरी माशांची काचेची टाकी आणली. दर आठवड्याला सगळे पाणी बदलतो आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो. पाणी नितळ दिसते, तरीही मासे वर येऊन धापा टाकतात, काही दगावलेही. पाण्याची कोणती तपासणी करावी?

उत्तर : आपण इतक्या निगुतीने करत असलेली स्वच्छताच बहुधा माशांच्या मुळावर आली आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मात्र त्यांना दर वेळी मारून टाकतो. अमोनिया कल्ले जाळतो, तर नायट्राइट रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमताच हिरावून घेतो. म्हणून मासे धापा टाकतात. ही दोन्ही द्रव्ये रंगहीन असल्याने नितळपणावरून काहीच कळत नाही.

म्हणून अमोनिया आणि नायट्राइट आधी तपासा. दोन्ही शून्य हवेत. सोबत सामूही (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे ते दाखवणारा आकडा) मोजा, कारण २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर सामू ८ असताना तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. कागदी पट्ट्या सोयीच्या खऱ्या, पण अनेक पट्ट्यांवर अमोनियाची चाचणीच नसते, त्यामुळे मी थेंबांचा संच (पाण्याच्या नमुन्यात रसायनांचे थेंब टाकून येणारा रंग तक्त्याशी जुळवायचा) घ्यायला सांगेन. त्यातील नायट्रेटची दुसरी बाटली किमान अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसलेला अंश मिसळत नाही आणि आकडा फसवा, कमी येतो. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर जुळवा.

तूर्त नवे मासे आणू नका, खाद्य निम्म्यावर आणा आणि दोन्ही आकडे शून्यावर येईपर्यंत रोज तपासणी करून, ते वाढलेले दिसताच पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. पुढे आठवड्यातून एकदा नायट्रेट मोजले तरी पुरे. तो लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. नव्या पाण्याचे तापमान टाकीइतके असावे आणि त्यात क्लोरीननाशक घालावे. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडतो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) उडत नाही. एकदा नळाचे पाणीही तपासून पाहा. त्यातच अमोनिया निघाला, तर क्लोरीनसोबत अमोनियाही निष्प्रभ करणारे द्रावण घ्यावे लागेल.