तुला कुठल्या ओळीनं रडवलं?

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी वही वाचून झाली. जुनं इंग्रजी साहित्य वाचताना मनात जे येईल ते त्याच दिवशी लिहून ठेवा, असं मी वर्गात सांगते, पण ते इतकं मनापासून करणारे फार थोडे. काही पानांवर पेन्सिलीच्या खुणा दिसतील. जिथे तुझ्याशी अजून बोलावंसं वाटलं तिथे त्या केल्या आहेत. तेच बोलणं या पत्रात करते.

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'पासून सुरुवात करते, कारण वहीतलं सगळ्यात जिवंत पान तेच आहे. तू लिहिलंस, "शेवटचा प्रवेश वाचताना खूप रडू आलं. कॉर्डिलिया मरायला नको होती." आणि खाली लगेच, "पण हे परीक्षेत लिहिता येणार नाही."

का नाही येणार? सॅम्युअल जॉन्सननं लिहिलं आहे. 1765 साली शेक्सपिअरच्या नाटकांची आपली आवृत्ती काढताना त्यानं टिपेत सांगून टाकलं, की कॉर्डिलियाच्या, म्हणजे लिअर राजाच्या धाकट्या मुलीच्या, मृत्यूचा त्याला पूर्वी असा धक्का बसला होता, की संपादनासाठी वाचणं भाग पडेपर्यंत ते शेवटचे प्रवेश त्यानं पुन्हा कधी वाचले असतील की नाही, याची त्याला खात्री नव्हती. इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश रचणारा हा माणूस! आणि तो एकटा नव्हता. नेहम टेट या नाटककारानं 1681 मध्ये या नाटकाचा शेवटच बदलून टाकला: लिअर वाचतो, कॉर्डिलिया वाचते, तिचं एडगर या सरदारपुत्राशी जुळतं, आणि विदूषक तर नाटकातून नाहीसाच होतो. लंडनच्या रंगभूमीवर दीडशेच्या आसपास वर्षं हेच रूप चाललं. 1838 मध्ये मॅक्रेडी या नटानं विदूषकासह मूळ नाटक परत आणलं. तेव्हा तुझं रडू लपवण्यासारखं अजिबात नाही. त्याला मोठा इतिहास आहे.

फक्त जॉन्सन "धक्का बसला" एवढ्यावर थांबला नाही. दुष्टांचा जय दाखवणारं नाटक चांगलं असू शकतं का, आयुष्यात तर तसं घडतंच, मग प्रेक्षकाला न्याय का हवा असतो, असा तो विचार करत गेला. तुझी नोंद मात्र रडण्यापाशी संपते. माझी पहिली पेन्सिलीची खूण तिथेच आहे आणि शेजारी मी एकच प्रश्न लिहिला आहे: कुठल्या ओळीला?

हा प्रश्न तुला कोरडा वाटेल. पण तू पुन्हा त्या पानावर जा. मेलेल्या मुलीला घेऊन बसलेला लिअर जवळच्या कुणाला तरी म्हणतो, जरा हे बटण सोडा, आणि वर त्याचे आभार मानतो. आता तिसऱ्या अंकातलं वादळ काढ. तिथेही बटण आहे. उघड्यानागड्या एडगरला पाहून लिअर स्वतःच्या अंगावरचे कपडे ओरबाडून काढू लागतो, तेव्हाही बटणं सोडायला सांगतो, पण तिथे तो हुकूम सोडतो आहे. पहिल्या प्रवेशात नकाशा समोर ठेवून राज्य वाटणारा, मुलींकडून प्रेमाची भाषणं मागणारा हा राजा अखेरीस एका बटणासाठी विनंती करतो आणि "आभारी आहे" म्हणतो. मला तिथे दर वेळी भरून येतं. तुझी ओळ कदाचित वेगळी असेल. लिअर माफी मागू लागतो आणि कॉर्डिलिया म्हणते, राग धरायला मला काही कारणच नाही, ती असेल. कुठलीही असो, ती सापडली की तुझं रडू नाटकाबद्दल काहीतरी सांगू लागेल. तोपर्यंत ते फक्त तुझ्याबद्दल सांगतं.

याच पानावर तू लिहिलंस, की शेवटच्या क्षणी लिअरला कॉर्डिलिया जिवंत आहे असं वाटतं, म्हणून तो सुखात मरतो. फार चांगलं निरीक्षण आहे. पण तू कुठली आवृत्ती वाचलीस ते बघ. तिच्या ओठांकडे पाहा, असं लिअर म्हणतो त्या ओळी 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित मोठ्या ग्रंथात, आहेत. 1608 च्या क्वार्टोत, म्हणजे या एकट्या नाटकाच्या आधीच्या लहान आकाराच्या आवृत्तीत, त्या नाहीत. तिथे लिअर नुसता विव्हळतो आणि स्वतःच्या हृदयाला म्हणतो, फूट आता. फोलिओत हेच वाक्य लिअरचा निष्ठावंत सरदार केंट याच्या तोंडी आहे. म्हणजे तुझा "सुखात मरतो" हा निष्कर्ष एका छापील पाठावर उभा आहे, दुसऱ्यावर तो उभा राहत नाही. हे कळल्यावर तुझं मत सोडून दे असं मी म्हणत नाही. ते कशावर टेकलं आहे ते माहीत असू दे.

'नटसम्राट'बद्दलचा परिच्छेद तू खोडून टाकलास. तो खोडायला नको होता. शिरवाडकरांच्या 1970 च्या त्या नाटकामागे लिअर उभा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे "दोन्हींत मुलं कृतघ्न" एवढं म्हणून लोक मोकळे होतात. तू खोडलेल्या ओळींत मात्र एक प्रश्न होता: बेलवलकरांना निदान 'सरकार' होत्या, लिअरची बायको कुठे आहे? अगं, हा अस्सल प्रश्न आहे! लिअरच्या राणीला नाटकात नावसुद्धा नाही. मधल्या मुलीशी, रीगनशी, बोलताना राणीच्या थडग्याचा उल्लेख येतो, तोही 'तू मला पाहून आनंदली नाहीस तर तुझी आई व्यभिचारिणी ठरेल' अशा अर्थानं. बेलवलकरांच्या त्या 'सरकार'ना, कावेरीबाईंना, मनात घेऊन वाचणाऱ्या मराठी मुलीला ही रिकामी जागा चटकन दिसली. ते पान पुन्हा लिही, आणि आता न खोडता.

आवडलं नाही तर? जेन ऑस्टिनबद्दल तू फक्त "कंटाळा आला" असं लिहिलंस आणि पुढे क्षमा मागितलीस. क्षमा कसली! 'जेन एअर' लिहिणाऱ्या शार्लट ब्राँटेलाही ऑस्टिन रुचली नव्हती. जी. एच. लुइस या समीक्षकाच्या सांगण्यावरून तिनं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचली आणि 1848 च्या जानेवारीत त्याला कळवलं, की ही नीट कुंपण घातलेली, निगराणीतली बाग आहे, मोकळं रान आणि ताजी हवा इथे नाही. मला हे मत पटत नाही, पण तिला काय हवं होतं आणि काय मिळालं नाही ते त्यातून स्वच्छ कळतं. तुझ्या "कंटाळा आला"मधून कळत नाही. कुठल्या पानावर पुस्तक मिटलंस तेवढं तरी लिही.

नावड कुठून येते तेही तपासावं लागतं. टॉलस्टॉयनं शेक्सपिअरवर, मुख्यतः लिअरवर, सडकून टीका केली. ती 1906 मध्ये प्रसिद्ध झाली. 1947 मध्ये ऑर्वेलनं त्याला उत्तर दिलं, की टॉलस्टॉयचं स्वतःचं आयुष्य लिअरसारखंच होतं: सर्वस्वाचा त्याग, म्हातारपणी घर सोडून जाणं, परक्या ठिकाणी मरण. म्हणूनच हे नाटक त्याला इतकं झोंबलं असावं. प्रत्येक नावडीमागे असंच काही असतं असं नाही. पण एखाद्या पुस्तकावर वाजवीपेक्षा जास्त राग आला, तर थोडं थांबून बघायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट जरा कडकपणे सांगते. कवितांवरच्या तुझ्या नोंदी तुझ्या नाहीत. "निसर्गाशी तादात्म्य", "मानवी जीवनाची क्षणभंगुरता" ही गाइडमधली भाषा आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्सनं विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले. त्यावरचं त्याचं पुस्तक 1929 मध्ये आलं. चांगली शिकलेली मुलं कवितेकडे न पाहता आधीपासून तयार असलेल्या भावना तिच्यावर ओतत होती, हे त्यात पानोपानी दिसतं. तू लिअरवर लिहितेस तेव्हा असं होत नाही, कवितेवर होतं. मला वाटतं, कविता तू एकदाच वाचतेस. मोठ्यानं दोनदा वाचल्याशिवाय पेन उचलू नकोस.

आता 'जेन एअर'. पुस्तक अर्धंच झालंय असं लिहिलंस, पण एका जागी तू अडखळलीस ते मला फार आवडलं. जेनशी लग्न ठरलेला रॉचेस्टर, प्रेयसी आपल्याबरोबर जगेल आणि मरेल असं गातो, त्यावर जेन म्हणते, की माझी वेळ येईल तेव्हा मी मरेन, सती जाण्याची घाई करणार नाही. "हे वाचून मी एकदम बाहेर फेकली गेले," असं तू लिहिलंस. कादंबरी 1847 ची, आणि बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा 1829 चा. यॉर्कशरमधली लेखिका आपल्या नायिकेचं स्वातंत्र्य सांगायला आपल्याकडची जळणारी बाई वापरते. बाहेर फेकलं गेल्यासारखं वाटणं साहजिक आहे, आणि जेन तुला तरीही आवडते हेही खरं आहे. दोन्ही लिही, एकासाठी दुसरं दाबू नकोस.

पुढे वाचशील तेव्हा 34 व्या प्रकरणात सेंट जॉन हा धर्मोपदेशक जेनला जर्मन सोडून हिंदुस्तानी शिकायला लावतो आणि मिशनरीची बायको म्हणून हिंदुस्थानात चल म्हणतो, तिथे थांब. मग अगदी शेवटचं पान वाच. कादंबरी कुणाविषयी बोलत संपते ते बघ. सतीचा उल्लेख 24 व्या प्रकरणात आहे. या तिन्ही जागा शेजारी ठेवून तुला काय वाटतं ते लिहून पाठव, राग आला तर रागही. टिपा असलेली आवृत्ती मी ग्रंथालयात तुझ्यासाठी काढून ठेवायला सांगितली आहे, पण टिपा नंतर वाच.

तुझ्या,
बाई