प्रश्न वाचकांचे : दोन लीगांचा एक चषक

प्रश्न : अमेरिका आणि मेक्सिको येथील क्लबांच्या ‘लीग्ज कप’ स्पर्धेचा गुणतक्ता पाहताना गोंधळ उडतो. बरोबरीत सुटलेल्या सामन्यात एका संघाला दोन गुण आणि दुसऱ्याला एकच, असे का? ही साखळी स्पर्धा आहे की बाद पद्धतीची?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सुरुवात साखळीने होते आणि शेवट बाद फेरीने. या स्पर्धेत बरोबरी मान्यच नाही. नव्वद मिनिटांनंतर गोलसंख्या समान असेल, तर जादा वेळ न देता थेट टायब्रेकर, म्हणजे पेनल्टींवर निकाल, घेतला जातो. साखळीत तो जिंकणाऱ्यास दोन गुण आणि हरणाऱ्यास एक गुण मिळतो, तर निर्धारित वेळेत जिंकणाऱ्यास नेहमीप्रमाणे तीन. 2025 साली दोन्ही लीगमधून प्रत्येकी 18 संघ घेतले गेले. प्रत्येक संघ तीन सामने खेळला आणि तिन्ही सामने समोरच्या लीगमधील संघांशीच झाले. मात्र गुणतक्ते दोन्ही लीगचे वेगवेगळे ठेवून प्रत्येकातील पहिले चार संघ उपांत्यपूर्व फेरीत पाठवण्यात आले. पहिल्या तीन क्रमांकांना कॉन्काकॅफ चॅम्पियन्स कप या खंडीय स्पर्धेत प्रवेश मिळतो, आणि या चषकाचे खरे वजन त्यातच आहे.

टायब्रेकरचा अतिरेक पाहायचा असेल, तर 2023 चा अंतिम सामना पाहावा. इंटर मायामी आणि नॅशव्हिल यांच्यात 1-1 अशी बरोबरी झाली आणि दोन्हीकडच्या दहाही मैदानी खेळाडूंनी पेनल्टी घेऊन झाल्या तरी 9-9 अशी कोंडी कायम होती. अखेर गोलरक्षकांनाच चेंडू ठेवावा लागला. मायामीचा गोलरक्षक ड्रेक कॅलेंडर याने स्वतः गोल केला आणि लगेच गोलपोस्टमध्ये उभे राहून समोरच्या गोलरक्षकाची पेनल्टी अडवली. त्या स्पर्धेत लिओनेल मेस्सीने 7 सामन्यांत 10 गोल केले, हे सर्वांच्या लक्षात राहिले. चषक मात्र शेवटी गोलरक्षकाने जिंकून दिला, असे म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : मेक्सिकोचे क्लब वरचढ मानले जातात. मग त्यांना ही स्पर्धा का जिंकता येत नाही? अमेरिकन फुटबॉल खरोखरच पुढे गेले आहे काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘जिंकता येत नाही’ हे अलीकडच्या वर्षांपुरतेच खरे आहे. 2019 साली आठ संघांची पहिली स्पर्धा झाली, ती क्रूझ आझुलने जिंकली. 2021 मध्ये लिओनने सिअ‍ॅटल साउंडर्सला 3-2 असे हरवले. हे दोन्ही क्लब मेक्सिकोचेच. 2023 मध्ये दोन्ही लीगचे सर्व 47 क्लब उतरवून स्पर्धा महिनाभराची करण्यात आली आणि तेव्हापासून चित्र पालटले. मायामी, कोलंबस क्रू आणि सिअ‍ॅटल हे त्यानंतरचे विजेते. 2023 ते 2025 या तीन स्पर्धांमध्ये उपांत्य फेरीच्या बारा जागा होत्या; त्यांपैकी मेक्सिकोच्या वाट्याला एकच आली, ती 2023 मध्ये माँतेरेची.

यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी सामने कोठे झाले ते पाहिले पाहिजे. 2019 पासून 2025 पर्यंत एकही सामना मेक्सिकोत झाला नाही. सर्व अमेरिकेत, किंवा अमेरिकन लीगमध्येच खेळणाऱ्या कॅनडाच्या क्लबांच्या मैदानांवर झाले. यामागे हिशोब आहे. अमेरिकेत मेक्सिकन वंशाचा मोठा प्रेक्षकवर्ग आहे, तो आपल्या क्लबसाठी तिकिटाला चांगले पैसे मोजतो, आणि त्यामुळे दूर राहूनही मेक्सिकन क्लबांना ही स्पर्धा परवडते. खेळाडूंचे मात्र हाल होतात. सामना झाला की बॅगा भरायच्या, विमान गाठायचे आणि पुढच्या शहरातील हॉटेलात उतरायचे, हा क्रम त्यांना चुकत नाही. त्यातच मेक्सिकोचा हंगाम जुलैत नुकताच सुरू झालेला असतो, तर फेब्रुवारीपासून खेळत असलेले अमेरिकन संघ तोवर पुरते लयीत आलेले असतात.

आता चॅम्पियन्स कपकडे पाहा. तेथे अंतिम सामन्यापर्यंतच्या लढती सहसा दोन्ही मैदानांवर मिळून होतात. 2006 ते 2021 या काळात ती स्पर्धा दरवर्षी मेक्सिकोच्याच क्लबने जिंकली. 2022 मध्ये सिअ‍ॅटलने ही मालिका तोडली, परंतु 2023 मध्ये लिओन, 2024 मध्ये पाचुका आणि 2025 मध्ये क्रूझ आझुल असा चषक पुन्हा तिकडेच गेला. क्रूझ आझुलने मेक्सिको सिटीतील अंतिम सामन्यात अमेरिकन लीगमधील व्हँकुव्हरचा 5-0 असा धुव्वा उडवला. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर आहे आणि मेक्सिकोतीलच तोलुका तर 2,600 मीटरच्याही वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट. अशा विरळ हवेत चेंडू वेगाने सुटतो आणि सवय नसलेल्या खेळाडूला उत्तरार्धात धाप लागते.

कोलंबसचे उदाहरण बोलके आहे. 1 जून 2024 रोजी हा संघ चॅम्पियन्स कपच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोतील पाचुकात 3-0 असा हरला आणि त्याच वर्षी 25 ऑगस्टला स्वतःच्या मैदानावर लीग्ज कपचा मानकरी ठरला. अर्थात लीग्ज कपच्या त्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर लॉस एंजेलिस एफसी हा अमेरिकन क्लबच होता, त्यामुळे या उदाहरणावर फार भार टाकू नये. अमेरिकन संघ सुधारले आहेत, यात शंका नाही. परंतु किती सुधारले, याचे माप लीग्ज कपच्या तराजूने काढणे मला मान्य नाही, कारण त्या तराजूचे एक पारडे आधीच जड ठेवलेले आहे.

प्रश्न : कोल्हापूर, सांगली, सातारा आणि बेळगाव येथील संघांचा असा चषक भरवता येईल काय? त्यासाठी कोणाची परवानगी लागेल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : परवानगीचा भाग सोपा आहे. दोन देशांचे क्लब असते, तर दोन्ही राष्ट्रीय संघटना, खंडीय महासंघ आणि फिफा यांच्यापर्यंत जावे लागले असते. येथे सीमा दोन राज्यांची आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्हींच्या राज्य संघटना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्याच सदस्य असल्याने पत्रव्यवहार देशातच आटोपेल.

अडचण वेळापत्रकाची येईल. आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड येथील क्लबांचा सेटंटा कप 2005 मध्ये सुरू झाला. डब्लिनमध्ये शेलबर्नला 2-0 असे हरवून बेलफास्टचा लिनफिल्ड पहिला विजेता झाला. जुने राजकीय वैर बाजूला ठेवून लोक सामन्यांना आले. पण एका लीगचा हंगाम उन्हाळ्यात आणि दुसरीचा हिवाळ्यात, त्यामुळे दोघांनाही सोयीच्या तारखा मिळेनात, आणि 2014 नंतर ती स्पर्धा झाली नाही.

दुसरी अडचण आपल्याला अधिक जवळची आहे. कोल्हापुरात पेठापेठांतील तालीम मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते. सांगली-साताऱ्यात तशी गर्दी जमेलच, याची खात्री कोणी देणार नाही. साहजिकच सर्व सामने कोल्हापुरातच घ्यावेत, असा आग्रह पहिल्याच बैठकीत होईल आणि खर्चाच्या दृष्टीने तो बिनतोडही वाटेल. संयोजकांनी तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगली कोल्हापूरपासून सुमारे 50 किलोमीटर आहे. संघाने सकाळी निघून रात्री घरी परतावे, इतकेच हे अंतर. सातारा किंवा बेळगावला जायचे तर शंभराहून अधिक किलोमीटर पडतात, तेथे मुक्कामाची सोय यजमान मंडळाने करावी. उपांत्य लढती दोन्ही गावांत एकेक सामना ठेवून खेळवाव्यात, अंतिम सामन्याचे ठिकाण दरवर्षी बदलावे आणि तिकीटविक्रीतील ठरावीक वाटा पाहुण्या संघाच्या प्रवासासाठी आधीच बाजूला काढावा. पंच मात्र दोन्ही संघांच्या गावांचे नसावेत, आणि ही अट पत्रिका छापण्यापूर्वीच लेखी करून घ्यावी.