घुमट आरतीची तालीम व्हिडिओ कॉलवर? जरा ऐक

पोरं पुण्या-बेंगळुरूला नोकरीला, म्हणून गोव्यातल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्यांची तालीम कॉलवर घ्यायचं तुझ्या मनात आहे. मोह होणारच. पण घुमट (एका तोंडाला चामडं ताणलेलं मातीचं मडकं), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळे (झांजा) एकत्र वाजवायला कॉल कामाचा नाही. आवाज पलीकडे पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा सहज जातो. गप्पांत ते खपतं, ठेक्यात साधारण 30 मिलिसेकंदांच्या पुढे गडबड सुरू होते. शामेळवाला तुझी वाट बघणार, तू त्याची, आणि आरती रडत-रखडत चालणार. वर ॲप घुमटाच्या घुमाऱ्याला गोंगाट समजून कापून टाकतं, ते वेगळंच!

वर्गणी, तारखा, आरत्यांचे शब्द पाठ करणं, एवढं कॉलवर उरकून घे. एकाने म्हणावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून मागून म्हणावं.

हात मात्र समोर बसूनच बसतो. नव्या पोराला जुन्या वादकाच्या मांडीला मांडी लावून बसव. एक हात चामड्यावर, दुसरा मडक्याच्या उघड्या तोंडावर; तो दुसरा तळवा किती झाकतो, कधी सोडतो, यावरच घुमटाचा आवाज फिरतो. कॅमेऱ्यात दिसतात फक्त चेहरे. आणि लय वाढवायची खूण कुणी तोंडाने देत नाही, मान हलते, बस्स.

देवळाच्या सभामंडपात निदान दोन रात्री तरी बसा. पोरांना रजा आत्ताच टाकायला सांग, चवथीच्या तोंडावर गोव्याच्या बसचं तिकीट मिळत नाही.