इंटरनेटवरून लोकांना सरकारी निर्णयात खरंच सामील करून घेता येतं, की नुसती भांडणंच होतात?

येतं, पण रचना कशी आहे त्यावर सगळं अवलंबून. तैवानचं बघा. तिथे २०१५ मध्ये उबरवरून वाद पेटला, तेव्हा नागरिक आणि सरकार यांच्यात ऑनलाइन चर्चा घडवणाऱ्या ‘व्हीतैवान’ या उपक्रमाने लोकांची मतं ‘पोल.इज’ या सॉफ्टवेअरवर मागवली. त्यात एकेक विधान समोर येतं. सहमत, असहमत किंवा पुढे, एवढंच दाबायचं. हवं तर स्वतःचं विधान टाका, पण दुसऱ्याला उत्तर द्यायची सोयच नाही! हमरीतुमरीवर येणार कसे? सारखी मतं असलेल्यांचे गट नकाशावर दिसतात, मग सगळ्या गटांना पटेल असं विधान मांडायची चढाओढ लागते. प्रवाशांचा विमा, चालकाचा व्यावसायिक परवाना यांवर बऱ्यापैकी एकमत झालं आणि ते सरकारच्या नियमांत उतरलंही.

मात्र व्हीतैवानचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नाही, ही त्याची दुखरी बाजू. तिथल्याच सरकारी ‘जॉइन’ पोर्टलवर एखाद्या मागणीला ६० दिवसांत ५,००० जणांचा पाठिंबा मिळाला की संबंधित खात्याला उत्तर द्यावं लागतं. मागणी मान्य होईलच असं नाही, पण निदान नकाराचं कारण कळतं. आपल्याकडे ‘हरकती व सूचना’ मागवतात खऱ्या, पण आपल्या सूचनेचं पुढे काय झालं हे बहुधा कळतच नाही.