बाबांना अल्सर झालाय, जेवायला काय करू?

प्रश्न : ताई, माझ्या बाबांना (वय 61) जठरात अल्सर निघालाय, एंडोस्कोपी झाली, एच. पायलोरी (जठरातला जंतू) पण पॉझिटिव्ह आलं, 14 दिवसांच्या अँटिबायोटिक्स आणि ॲसिडची गोळी चालू आहे. आई म्हणते आयुष्यभर ठेचा खाल्ला म्हणून झालं, आणि दर दोन तासांनी गार दूध देते. पेज खाऊन खाऊन ते इतके वैतागलेत की ताट सरकवून देतात.

उत्तर : आधी आईंना सांग की बाबांना बोलू नका. तिखटाने जळजळ वाढते हे खरं पण हा अल्सर ठेच्याने झालेला नाही, तो त्या जंतूमुळे होतो, हे शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना 2005 चं नोबेल मिळालंय. जखम भरते ती औषधाने, म्हणून कोर्स पूर्ण होऊ दे. जेवणाने फक्त त्रास कमी ठेवायचा, त्यासाठी बेचव खायची काही गरज नाही गं.

दुधाने तेवढ्यापुरतं गार वाटतं पण नंतर पोटात ॲसिड जास्त सुटतं, त्यामुळे दर दोन तासांनी नको.

खिचडी अशी कर. वाटीभर जुना तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, धुवून अर्धा तास भिजव, सहा वाट्या पाणी, हळद, मीठ घालून चार-पाच शिट्ट्या काढ आणि गरम असतानाच पळीने घोट, अगदी पळीवरून सावकाश घरंगळेल इतकी सैल. मग कढल्यात चमचाभर तूप, जिरं चांगलं फुलू दे, चिमूटभर हिंग, दोन पानं कढीपत्ता, आणि ती चुर्र फोडणी बाबांच्या समोर ताटात वरून घाल. माझ्या भावाच्या आजारपणात मी हेच करायचे, नुसत्या वासाने तो उठून बसायचा.

दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सगळं चालतं, तुपाजिऱ्यावर वाफवून. पण दुधी चिरला की आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघ, कडू लागला तर थुंकून दे आणि अख्खा दुधी फेकून दे, कडू दुधीने धडधाकट माणसाला रक्ताच्या उलट्या झाल्यात. दुधीचा कच्चा रस तर कुणीही कितीही सांगितलं तरी देऊ नकोस.

भाकरी हवीच असेल तर ताजी, वरणात कुस्करून. थोडं थोडं चार-पाच वेळा दे, रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, आणि उपाशीपोटी चहा बंद. गुडघ्यासाठी वगैरे पेनकिलर घेत असतील तर डॉक्टरांना आजच सांग, हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र मनाने थांबवू नका, विचारूनच.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखं काही दिसलं, किंवा पोटात अचानक असह्य दुखायला लागलं तर घरी काही करत बसू नका, रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल.