ताई, विचारू का? : फुगे नकोत, सुरंगीचा वळेसर आण म्हणावं

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते, माझा मित्र मुंबईला जॉबला आहे. घरी माहितीये आमचं. तो फेब्रुवारीत येतोय आणि बीचवर प्रपोज करायचा प्लॅन आहे, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. फुगे, थर्माकोलची मोठी अक्षरं, लाइटिंग, शेवटी ते पेटवून वर सोडायचे कंदील. आमच्या किनाऱ्यावर कासवं येतात गं, मला हे बघवणार नाही, पण बोलले तर त्याचा हिरमोड होईल. काय करू?

उत्तर: बोल त्याच्याशी, आणि आत्ताच बोल, सामान ऑर्डर व्हायच्या आधी. सरप्राइज फुटेल, फुटू दे. ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचं त्याला तुझ्या मनातलं माहीत नको का?

मुंबईत राहून त्याच्या हे डोक्यातच आलं नसेल, म्हणून नीट समजाव. ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडे रात्रीच्या येतात, वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालतात आणि 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात, म्हणजे फेब्रुवारीत दोन्ही चालू असतं. किनाऱ्यावर झगमगाट दिसला तर मादी अंडी न घालताच मागे फिरू शकते. पिल्लं तर उजेडाकडेच चालतात, रात्री समुद्राकडची बाजू जमिनीपेक्षा उजळ दिसते म्हणून त्यांना पाणी सापडतं, आणि तुमच्या माळा त्याहून उजळ झाल्या की ती उलटी गावाकडे वळणार. फुटलेला फुगा पाण्यात गेला की कासवं तो खाणं समजून गिळतात. थर्माकोलच्या सजावटीवर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच आहे.

कंदिलाचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. फेब्रुवारीत गवत वाळलेलं, काजूच्या बागा मोहरलेल्या, आणि वारा नेईल तिथे ते पेटतं पडणार. एखाद्याची बाग गेली तर त्याचं वर्ष गेलं.

पण नुसतं नको नको म्हणू नकोस, त्याला दुसरं काहीतरी दे. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, होडी वल्ह्याची, इंजिनाचा आवाज नाही, खंड्या दिसतो, तिथे दोघांना निवांत बोलता येतं आणि पैसे गावातल्याच बायकांच्या हातात जातात. नाहीतर दिवसाउजेडी शिरोड्याला जा, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव, मिठागरं बघा, मग किनाऱ्यावर चालत जा आणि सूर्य बुडायच्या आत त्याला काय विचारायचं ते विचारू दे. अंधार पडला की वाळू कासवांसाठी सोडा.

आणि फूल पाहिजेच ना? त्या दिवसांत सुरंगी फुलायला लागते. पॉलिहाऊसमधला, थंड गाडीतून आलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुलाब कशाला? आपल्याकडे माणसं पहाटे झाडावर चढून कळ्या काढतात, घरी बसून वळेसर, म्हणजे गजरे, करतात, तो सुकला तरी त्याचा वास राहतो. त्याला सांग, माझ्यासाठी बाजारातून सुरंगीचा वळेसर आण. मला वाटतं एवढं ऐकून त्याचा हिरमोड होणार नाही, उलट त्याला बरंच वाटेल, कारण तुला काय आवडतं हे त्याला मित्रांना विचारत बसावं लागणार नाही.

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीत शिकतो, बाइक नाही. तिला पर्यावरणाची आवड आहे, पण पहिल्यांदा भेटायला एसटीने नेलं तर कसं दिसेल?

उत्तर: छान दिसेल रे. तिला विचार, आरे-वारे मार्गे जाणारी गणपतीपुळ्याची गाडी पकडूया का? जाताना डावीकडच्या खिडकीत तिला बसव, समुद्र त्या बाजूला आहे. महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे खर्चही फार नाही. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या, तिकडे कोकम सरबत काचेच्या ग्लासात मागा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र डेपोत आधी विचारून ठेव, तिच्या घरी काळजी लागायला नको.