मशीन बिघडलं नाही, मोड लॉक झालाय

भाऊ, मशीन दुरुस्तीला पाठवू नका, निदान आजचा दिवस थांबा. केळीच्या गोदामातल्या हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून बारकोड वाचायच्या मशीनवर, परवापासून आकडा दाबला की अक्षर उमटतं, असं तुम्ही लिहिलंय. बटणं खराब झाली असती तर एखाददुसरं झालं असतं. सगळीच एकदम फिरली म्हणजे मोड लॉक झालाय, बटणं अक्षरांच्या कामावर अडकून बसलीत.

या मशीनवर एकेका बटणाला दोन-तीन कामं असतात, वरची कामं निळ्या किंवा केशरी रंगात छापलेली. कॉम्प्युटरवर आपण शिफ्ट धरून ठेवतो. इथे एका हातात मशीन, दुसऱ्यात माल; धरणार कशाने? म्हणून रंगीत बटण दाबून सोडायचं असतं. बहुतेक ठिकाणी एकदा दाबलं की पुढच्या एकाच बटणापुरतं, लागोपाठ दोनदा दाबलं की कुलूप, तिसऱ्यांदा मोकळं. जुन्या एचपी-४८ कॅल्क्युलेटरवर अल्फाचं, म्हणजे अक्षरांच्या बटणाचं, असंच होतं. पण टीआय-८४ कॅल्क्युलेटरवर कुलपासाठी आधी सेकंड मग अल्फा, आणि जुन्या ब्लॅकबेरी फोनवर कॅपिटल अक्षरांच्या कुलपासाठी ऑल्टसोबत उजवी शिफ्ट. तेव्हा शेजारच्या गोदामातली युक्ती तुमच्याकडे चालेलच असं नाही.

मी जळगावकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींची नोंद ठेवतो. १७० किलोची गाठ घासत गेली की बारकोडचं लेबल फाटतं, मग लॉट नंबर हाताने टाकायचा. आधी एक अक्षर, पुढे आकडे. आमचा एक पोऱ्या त्या एका अक्षरासाठी केशरी बटण दोनदा दाबायचा आणि तसंच सोडून घरी जायचा. रात्रपाळीवाला आला की ओरड ठरलेली, "भो, हाई मशीन येडं व्हई गयं!" एकदा तर लॉगिनच होईना. पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके, काय पडतंय ते दिसतच नाही. त्याने जिद्दीने पुन्हा पुन्हा टाकला आणि खातंच बंद करून बसला. दारात ट्रक उभा, सुपरवायझर जेवायला गेलेला. तास गेला.

तेव्हापासून मी पासवर्ड टाकायच्या आधी युझरनेमच्या रकान्यात १ दाबून बघतो. १ उमटला तर खोडून पुढे जायचं, नाहीतर आधी कुलूप सोडायचं. स्क्रीनच्या कडेला छोटं चिन्ह किंवा बटणापाशी दिवाही असतो, पण गडबडीत तिकडे बघतो कोण.

कीपॅड लॉक ही निराळी भानगड. कमरेला अडकवताना बटणं चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून ते असतं, आणि त्यात काहीच उमटत नाही. तुमच्याकडे उमटतंय, म्हणजे ते नाही.

तिसऱ्यांदा दाबूनही सुटलं नाही तर कीपॅडचा सरळ वरून फोटो टाका, बटणं मोजता येतील असा. एकाच मॉडेलला दोन-तीन तऱ्हेचे कीपॅड येतात, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावरून मला सांगता येणार नाही.